ओंजळभर तांबडी माती

गावच्या मैदानातली शेवटची कुस्ती दरवर्षी करीमच्या वेल्डिंग वर्कशॉपतर्फे असायची आणि आखाड्यात उतरून, दोन्ही पैलवानांचे हात मिळवून ती लावायचाही तोच. करीम गेल्यावर मेहरुन्निसानं, त्याच्या बायकोनं, ना वर्कशॉप बंद पडू दिलं ना कुस्ती. यंदा माइकवरून तिचं नाव पुकारलं. ती आखाड्याच्या कडेपर्यंत आली आणि थबकली. "मातीत बाई उतरत न्हाई," कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, "दिराला पाठवा की!" ठिणग्यांनी पोळलेले हात तिनं पदराआड घेतले. आखाड्यातले म्हातारे वस्ताद खाली वाकले. त्यांनी ओंजळभर तांबडी माती उचलली आणि सावकाश येऊन आखाड्याबाहेर, तिच्या पायांपुढं पसरली. मागोमाग दोन्ही पैलवान येऊन त्या मातीपाशी उभे राहिले. हलगी थांबली. "इतकी वर्सं करीमभाई तिकडं उभा ऱ्हायचा, भाभी," वस्ताद म्हणाले, "आता माती हितं आलीया. लावा कुस्ती."