एक जूनचे मानकरी

“आत कुणीही थांबायचं नाही. नवरा नाही, लेक नाही, शेजारीण तर नाहीच,” सर्व्हेवाल्या प्रीतीनं टॅब मांडीवर घेत सांगितलं. “ज्याला प्रश्न विचारायचे तो एकटा. हा एक नियम.”

“आन दुसरा?” हंबीररावांनी विचारलं.

“एका घरात एकालाच विचारायचं. आणि तो कोण, हे आम्ही निवडत नाही. घरातल्या मतदारांत ज्याचा वाढदिवस इथून पुढं सगळ्यात आधी येतो, तो.”

हंबीररावांनी कॅलेंडरकडं बघितलं. एकतीस मे. मग ते गालातल्या गालात हसले.

पक्षानं यंदा वॉर्डाचं तिकीट सर्व्हेवर टाकलं होतं. लोक ज्याचं नाव घेतील, त्याला तिकीट. हंबीरराव दोन वेळा गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते आणि दोन्ही वेळा वरात दुसऱ्याच्या दारात गेली होती. तिसऱ्यांदा तसं झालं असतं, तर चौकात चहालासुद्धा कुणी विचारलं नसतं.

कळंबा रोडच्या त्या गल्लीत तीस घरं. घरटी एक तरी म्हातारं माणूस, आणि म्हातारं माणूस म्हटलं की जन्म एक जूनचा. खरी तारीख ठाऊक होती कुणाला? शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट एक जून ठोकून दिलेली. ज्यांनी शाळेचं तोंड बघितलं नाही, त्यांनीही कार्ड काढताना शेजारणीचं ऐकून तीच सांगितली. आणि ही सगळी म्हातारी माणसं हंबीररावांच्या मुठीत. कुणाचा मोतीबिंदू काढून आणलेला, कुणाचे पेन्शनचे कागद फिरवलेले.

अनुजा, त्यांची बायको, चहा घेऊन आली. “पाण्याचं पण इचारणार काय ओ?” तिनं प्रीतीला विचारलं.

“पाणी, रस्ते, उमेदवार. घरात मत कुणाच्या सांगण्यावरून पडतं, तेही.”

“तुला कोण इचारतंय?” हंबीरराव म्हणाले. “कप उचल.”

तिनं कप उचलला.

मार्चपासून गल्लीत नळाला धार नव्हती. टँकरमागं घागरी घेऊन पळायच्या त्या घराघरांतल्या सुना. मागल्या महिन्यात वीसेक जणी दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा हंबीरराव सोप्यातल्या खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. “घरातल्या कर्त्या माणसाला धाडा,” एवढंच म्हणाले होते. त्या वीस जणींत अनुजाही होती.

“ताई, आज नगं,” हंबीरराव प्रीतीला म्हणाले. “उद्या गल्लीत कार्यक्रम हाय. परवा या की, निवांत.”

प्रीतीनं कॅलेंडरकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. “परवा चालेल. नियम मात्र हेच राहतील.”

“ऱ्हाऊ देत की! आमी कवा नियमाला न्हाय म्हणलंय?”

ती गेल्यावर त्यांची आई बयाबाई आतून बाहेर आली. “दारात आलेली बाई परत धाडलास व्हय रं?”

“आई, उद्या एक जून. तुमा सगळ्यांचा वाढदिवस घालतो. फेटा, लुगडं, मटणाचं जेवाण. खाल्ल्या मिठाचं तोंड दुसऱ्या दिवशीच बोलतंय.”

“बापावर न्हाय गेलास,” बयाबाई म्हणाली. “त्यो भोळा हुता.”

संध्याकाळी हंबीरराव बेकरीत सात किलोचा केक सांगायला गेले. बेकरीवाल्या कृष्णातनं वहीत लिहिता लिहिता विचारलं, “आन वैनींचा?”

“कसला?”

“दर सालाला ह्याच आठवड्यात येत्यात की. अर्धा किलोचा नेत्यात, एकट्याच येऊन.”

“पोरांस्नी नेत असंल,” हंबीरराव म्हणाले. “सातचा करू नगंस, धाचा कर.”

एक जूनला गल्लीच्या तोंडाला बॅनर लागला. ‘एक जूनचे मानकरी’. खाली तीस म्हाताऱ्यांचे फोटो आणि मधोमध, त्या सगळ्यांपेक्षा मोठा, हंबीररावांचा. तीस जणांनी एका सुरीला हात लावून केक कापला. धोंडुबाईला नव्वदी उलटलेली. ती हंबीररावांचे गाल कुरवाळत म्हणाली, “माज्या पोटच्यानं केलं न्हाई रं कवा!” हंबीररावांचे डोळे खरोखरच पाणावले. मागं सुना पत्रावळ्या उचलत होत्या आणि टँकरच्या पाण्यानं पातेली घासत होत्या.

दोन जूनला सकाळी प्रीती आली ती गल्लीच्या त्या टोकानं, आणखी तिघींना घेऊन. हंबीरराव इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या दारात उभे राहिले. जवळ जायचं नव्हतं, नियम होता. लांबूनच त्यांना दिसलं, एकेका घराचं दार लागत होतं आणि म्हातारी माणसं कालचे फेटे बांधून, नवी लुगडी नेसून कट्ट्यावर येऊन बसत होती.

‘उरकलं ह्यांचं,’ हंबीरराव मनात म्हणाले आणि त्यांनी हात हलवला. कट्ट्यावरून धोंडुबाईनं दोन्ही हात हलवले.

“काय म्हातारे, झालं?” त्यांनी ओरडून विचारलं.

“चाललंय की!” ती ओरडली.

दुपारी बारा वाजता प्रीती शेवटच्या घरात, हंबीररावांच्या सोप्यात आली. बयाबाई नवं लुगडं नेसून खुर्चीत तयारच होती.

“इचार, पोरी. एक जूनचा जलम माजा.”

“तो काल झाला, आजी,” प्रीती म्हणाली. “आता पुढच्या सालात. या घरात इथून पुढं पहिला वाढदिवस कुणाचा?”

हंबीररावांनी आईकडं बघितलं. आईनं हंबीररावांकडं बघितलं. दोघांनाही सांगता येईना.

स्वयंपाकघरातून अनुजा पदराला हात पुसत बाहेर आली. “माझा. परवा, चार जून.”

तिनं सासूला हाताला धरून अलगद उठवलं, खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

“अवो,” ती नवऱ्याला म्हणाली, “तेवढं दार लावून कट्ट्यावर बसा जावा.”