गाड्या पुकारणारा

"सही सोमवारपर्यंत हवी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि सगळं पुन्हा, सावकाश सांगितलं. कॅन्सर स्वरयंत्रात आहे. ते काढलं तर माणूस वाचण्याची चांगली आशा आहे. नाही काढलं तर वर्ष निघणं कठीण.

सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. बोलायचं नसलं की तो असाच तोंड फिरवून बसे, आणि मग तिचा काही इलाज चालत नसे.

नवरा बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. काचेच्या खोलीत माइकपुढे बसून दिवसाला दोनशे गाड्या. सगळे त्याला भोंगा म्हणत. भोंग्याने पुकारलं की झोपलेला प्रवासीसुद्धा बरोबर आपल्याच गाडीत चढतो, असं डेपोतले लोक छातीठोकपणे सांगत. गाठ यायची तर तिथेच यावी, याला काय म्हणावं!

आवाज बसलाय हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. आवाज बसून चार महिने झाल्यावर त्या राहायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "हे काय रे, घशाला काय झालं तुझ्या?" आणि तिच्याकडे वळून, "एका घरात राहून तुला कसं गं..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली आणि भाजी निवडायला घेतली. ते वाक्य त्यांनी पुढे कधी पुरं केलं नाही. पण तिच्या मनाला ते लागून राहिलं. सुरुवातीलाच कळलं असतं तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, असं डॉक्टरच म्हणाले होते.

ती एका छापखान्यात पुस्तकं बांधायची. कागद कापायच्या यंत्राशेजारची जागा तिथे कोणालाच नको असे, दुपारपर्यंत डोकं उठतं म्हणून. ती जागा तिने पहिल्याच दिवशी खुशीने घेतली होती. हात पक्का, कामात चूक नाही असा तिचा लौकिक. त्या शुक्रवारी मात्र तिने चाळीस पुस्तकांना पुठ्ठे उलटे लावले. मालक रागावले नाहीत. म्हणजे बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

रोज संध्याकाळी नवरा तिच्या पोटाशी तोंड नेऊन काहीबाही बोले. आत बाळ लाथ मारी.

"बघ, ओळखतं मला," तो म्हणे.

"काय सांगितलंस त्याला?"

"ते आमच्या दोघांतलं आहे. तू मधे पडू नकोस."

रविवारी जेवणानंतर त्याने विषय काढला. "बाळ होऊ दे. चार महिने त्याच्याशी बोलू दे. मग काय काढायचं ते काढा म्हणावं."

"तोवर काढायला तू शिल्लक राहायला हवास ना!"

"घरात बोलणारा मी एकटा. मीच गप्प झालो तर पोरानं काय भिंतींकडून शिकायचं?"

"आई आहेत की. त्यांना कोणाची टाप आहे गप्प बसवायची?"

तो खो खो हसला. मग पुन्हा तेच टुमणं. बापाच्या हाका कानावर पडल्याशिवाय मूल मोठं होणं म्हणजे काय, हे तुला नाही कळायचं, असंही म्हणाला. ती भांडी घासत होती. हात साबणात होते, म्हणून तिने उत्तर दिलं नाही. हात पुसून ती वळली तोवर तो अंथरुणावर पोचला होता, आणि त्याने दिवा मालवला. त्या घरात दिवा मालवला की भांडण तिथेच संपे.

ती जागीच पडून राहिली. तिला फार भीती वाटत होती. तिला आवाज नको होता, नवरा हवा होता. एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात कशी शिरत नव्हती, तेच तिला कळेना.

सोमवारी डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. नवऱ्याने पेन उचललं, खाली ठेवलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. तिने सरळ त्याची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"लग्नाचं कुठून विचारलंस मला?"

"आता ते कशाला?"

"सांग."

"माझ्या खोलीतून. काचेतून."

"दार?"

"बंद होतं. माइकसुद्धा."

"आणि मी बाहेरून काय म्हणाले?"

"हो म्हणालीस."

मग ती आणखी थोडंसं बोलली. फार नाही, दोनच वाक्यं. त्याचा चेहरा एकदम उतरला आणि डोळे भरून आले. त्याने कागद ओढला आणि जिथे जिथे खूण होती तिथे तिथे सही केली.

डॉक्टर इतका वेळ दोघांच्या हातांकडे बघत बसले होते. "काय म्हणाल्या त्या?" त्यांनी विचारलं.

त्याने घसा खाकरला. आवाज फाटकाच निघाला.

"म्हणते, सहा वर्षांत तुझा आवाज मी एकदाही ऐकला नाही. माझं काही अडलं का?"