हललेली गाठ

वडवणीच्या भिवराबाईला कावीळ झाली, ती पित्तनलिकेतल्या कॅन्सरच्या गाठीमुळे, असं सगळ्यांनी धरलंच होतं. भावानं माहेरचं शेवटचं लुगडंसुद्धा आणून ठेवलं होतं. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर पौर्णिमानं सोनोग्राफी पुन्हा केली. “मावशी, श्वास रोखा.” “रोखते की. कायमचाच रोखायचाय आता.” पोट थांबलं, पडद्यावरची गाठ मात्र हलली. गाठ स्वतःहून हलत नाही. दुपारी गुंगी देऊन घशातून दुर्बीण उतरवली. नवरा धर्मराज पडद्यासमोर उभा होता. नलिकेच्या तोंडाशी पांढरं शेपूट वळवळत होतं. चिमट्यानं ओढताच वीतभर जंत अख्खा बाहेर आला आणि त्याच्यामागून महिनाभर कोंडलेलं पित्त, पाटाचं दारं मोडून पाणी सुटावं तसं, सोनेरी धावलं. धर्मराजचे हात आपोआप जुळले. शुद्धीवर येताच भिवराबाईनं विचारलं, “काय निघालं?” “जंत. त्यो बघ, ताटलीत जित्ता हाय.” “आन् मी?” “तू बी, भिवरे.”