धुकं उठेपर्यंत

"कालही नाही, आजही नाही," हॉल्गर म्हणाला. "खुशालीचं बटण दाबायला विसरताय तुम्ही."

"विसरत नाहीये," सेलीन म्हणाली आणि तिने राफ्टचा दोर वाळुंजाच्या बुंध्याला आवळला.

रोज संध्याकाळी सातला उपग्रह-यंत्रावरचं ते बटण दाबलं की तीनशे किलोमीटरवरच्या तळाला कळतं, सगळं ठीक आहे. सलग दोन संध्याकाळी निरोप आला नाही, तर शोधायला विमान निघतं. हा नियम सेलीनच नव्या वाटाड्यांना शिकवायची.

हॉल्गर निवृत्त दंतवैद्य, या फेरीतला एकुलता एक पाहुणा. आठ दिवस वल्हं मारताना त्याने तिला खासगी असं काही विचारलं नव्हतं. आता मात्र त्याचा जीव टांगणीला लागला. "मग हे काय चाललंय?"

"तळावर या आठवड्यात एकच वैमानिक आहे, माझा मुलगा अल्फोन्स. दुसरा, गॉर्डी, गेलाय मासे धरायला." जेवणाआधी तिने माशाचा एक तुकडा शेकोटीला दिला, तिच्या जमातीची रीतच ती. "चार उन्हाळे झाले, मला न्यायला कायम दुसऱ्याला पाठवतो. आता कसा येत नाही, बघतेच."

"भांडण?"

"त्याचा बाप याच नदीवर छाती धरून बसला. धुकं होतं. धुकं उठेपर्यंत पोरगं विमान न काढता तळावर थांबलं, तोवर बाप गेला. मग मी नाही नाही ते बोलले. भित्रा म्हटलं त्याला."

हॉल्गरने तिला कॉफी ओतून दिली. इतकं एकटं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

सकाळी धुकं उतरलं. समोरचा काठ दिसेना.

"निदान आता तरी दाबा," हॉल्गर म्हणाला.

"कशाला? असल्या धुक्यात अल्फोन्स विमानाला हात लावायचा नाही. बापासाठी नाही लावला." तिच्या आवाजात राग नव्हता. "बरोबरच होतं त्याचं. तेच सांगायचंय मला."

अकराच्या सुमारास डोंगराकडून इंजिनाची घरघर आली. हॉल्गर उठून उभा राहिला.

"खाणीवर जाणारं असेल," सेलीन म्हणाली. घरघर लांब गेली, मग ऐकू येईनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख. सेलीनने नीट वेणी घातली, कॉफीचे तीन कप मांडले. काय बोलायचं ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. विमान पाण्यावर टेकलं तशी ती गुडघाभर पाण्यात धावली.

दार उघडून गॉर्डी उतरला.

"मावशी! धडधाकट आहेस की गं! देवाची कृपा."

"तू कसा? अल्फोन्स कुठाय?"

गॉर्डीची नजर तिच्या मागे काठभर फिरली.

"इथं नाही? तो तर काल सकाळीच निघाला, मावशी. धुकं उठू दे म्हणून सगळ्यांनी विनवलं. या वेळी नाही थांबायचं, म्हणाला."