नव्वद फुटांवरची भेग

"थांबा, इथं काहीतरी आहे!" केबलनं बोअरमध्ये तपासणीचं यंत्र सोडणाऱ्या भूजल खात्याच्या नसीम मॅडम ओरडल्या.

सरपंच कौसाबाई लॅपटॉपपाशी धावल्या. ही बोअर त्यांनीच हट्टानं शाळेमागं घेतली होती. ती कोरडी निघाल्यापासून गाव त्यांना हसत होतं.

पडद्यावरची रेघ दाखवत मॅडम म्हणाल्या, "नव्वद फुटांवर पाण्यानं भरलेली भेग आहे. बोअरवाल्यानं पाइप खोल घालून तिचं तोंडच बंद केलंय."

"म्हणजे जागा बरोबर होती?"

"अगदी बरोबर!"

दुसऱ्या दिवशी यंत्र सोडून त्याच खोलीवर पाइपाला भोकं पाडली. मोटार लावताच आधी गढूळ, मग नितळ पाणी उसळलं. सगळ्यांत जास्त हसणारे रंगनाथभाऊच आधी भिजले. त्यांना सुनावायला कौसाबाईंनी दोन वर्षं शब्द जपून ठेवले होते. पण तोंड उघडलं, तर हसूच फुटलं.