भाजी काय म्हणाली

तांब्याच्या खाणीखालच्या ओढ्यात कलमीची भाजी नुसती माजलेली असायची. चाईबासा शहरातल्या प्रयोगशाळेतून देबोब्रतो अधूनमधून यायचा आणि ओढ्याकाठी राहणाऱ्या जेमाकडून ती मुळासकट उपटून तपासायला न्यायचा. खाणीतून पाण्यात जे उतरतं ते ही भाजी अंगात साठवून ठेवते, हे त्यानंच तिला समजावलं होतं.

“मग, काय म्हणाली भाजी?” जेमा दर खेपेला विचारायची.

“अजून तरी काही नाही, मावशी. बोलली की पहिलं तुलाच सांगीन.”

त्या भरवशावर घरात रोज तीच भाजी शिजायची. देबोब्रतो जेवायला बसला की डाळभात चाटूनपुसून खायचा, भाजीच्या वेळी मात्र त्याचं पोट भरलेलं असायचं. शहरातली पोटंच नाजूक, असं म्हणून जेमा हसायची.

या खेपेला तो बायकोला घेऊन आला. तिला सातवा महिना, आणि जेमाच्या सुनेलाही सातवाच. जेमानं हौसेनं दोघींना शेजारी बसवून वाढलं. “बघा, पोरं बरोबरीनं रांगतील,” ती म्हणाली.

बायकोनं भाजीचा घास उचलला, तसं देबोब्रतोनं झटकन तिचं मनगट धरलं. शेजारी सून दुसऱ्यांदा भाजी वाढून घेत होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.


“म्हणजे बोलली होती भाजी,” जेमा म्हणाली आणि तिनं सुनेपुढचं ताट ओढून घेतलं.