सज्जन बोका

"कायद्यापुढे सगळी मांजरं समान," अध्यक्ष सोसायटीच्या सभेत गरजले. "भटकं मांजर पकडायचं, नसबंदी करायची, खुणेसाठी कानाचं टोक कापायचं आणि पकडलं तिथेच परत सोडायचं."

चौथ्या दिवशी नसबंदी करून सोडलेला पहिलाच बोका तडक अध्यक्षांच्या घरात शिरला आणि त्यांच्या खुर्चीत बसला. मागोमाग नसबंदी केलेल्या मांजरांची यादी घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. अध्यक्षांनी बोक्याचा कापलेला कान पाहिला.

"अहो, हा आमचा बोका. उंबरठासुद्धा ओलांडत नाही हो. मला वाटलं, कालपासून माळ्यावर झोपलाय."

"काका, जिन्याखालच्या नऊही पिल्लांना हीच पांढरी मिशी आहे."

"बाथरूमची खिडकी," काकू आतून म्हणाल्या.

कान बोक्याचा कापला होता, नाक अध्यक्षांचं. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, यादीत त्याच्या नावापुढे आमचं आडनाव तेवढं लावू नका."